ओडेटच्या पोटातली वाळू

"ओमेर, ही बरणी इथून उचल. आत्ताच्या आत्ता."

"थांब जरा. अजून खाली बसतंय."

"माझ्या खिडकीत, माझ्या फुलझाडांच्या शेजारी घोडीची लीद बसतेय आणि मी थांबू?"

"लीद बसत नाही, रोझेट. लीद वर तरंगते. बसते ती वाळू."

मी या नवरा-बायकोच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. नऊ वर्षं झाली. मधल्या फळ्या इतक्या पातळ आहेत की खाली कोणी साखर ढवळली तरी मला किती चमचे ते कळतं. त्यामुळे त्या वसंतातली ओमेरची सगळी धावपळ मी आधी कानांनी ऐकली, आणि मग राहवेना म्हणून खाली जाऊन डोळ्यांनी पाहिली.

बरणी काकड्यांची होती. व्हिनेगरमधल्या काकड्या संपवून ओमेरने ती धुतली होती. दर दिवसाआड सकाळी तो घोडीच्या लिदीचे सहा गोळे त्यात टाकायचा, वर नळाचं पाणी ओतायचा, काठीने ढवळायचा आणि खिडकीत उजेडाला ठेवायचा. मग वाकून, डोळे बारीक करून बघत राहायचा. तळाशी करड्या रंगाचा थर जमायचा. त्या थरावर तो बोट आडवं धरायचा. दीड बोट. एक बोट. पाऊण.

घोडीचं नाव ओडेट. वय बावीस. आपल्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे असं वाटावं एवढी मोठी, तांबूस, पायांवर केसांचे झुबके. इथे ओस्टडाऊनकेर्कला, आमच्या या किनाऱ्यावरच्या गावात, ओहोटीच्या वेळी आमची काही माणसं अजून घोड्यावर बसून समुद्रात शिरतात आणि छातीभर पाण्यात जाळं ओढत बारकी कोळंबी धरतात. ओमेर त्यांच्यातलाच. पण पोटाचा धंदा त्याचा वेगळा होता. एकतीस वर्षं त्याने किनाऱ्यावरची ट्राम चालवली. घोडा आणि जाळं तो शिकला सासऱ्याकडून, लग्नानंतर.

"हा माणूस दोन थांब्यांच्या पलीकडे एका जागी बसूच शकत नाही," असं रोझेट म्हणायची. खरंच होतं. जेवतानाही तो मध्येच उठायचा, दार उघडून बाहेर डोकवायचा, जणू कोणी चढायचं राहिलंय.

झालं होतं असं. एप्रिलमधल्या एका दुपारी ओडेट जाळं घेऊन पाण्याबाहेर आली आणि नेहमीसारखी उभी राहिली नाही. पुढच्या पायाने वाळू खरवडायला लागली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, जणू तिथे कोणीतरी चावतंय. आणि मग टोपल्या, जाळं, दोर सगळ्यासकट खाली बसली. बघायला जमलेल्या पर्यटकांना वाटलं ही शिकवलेली करामत आहे. टाळ्या वाजल्या.

"टाळ्या काय वाजवताय!" ओमेर पिवळ्या रेनकोटात ओरडत होता. "उठ, ओडेट. उठ गं बाई. लोळू नकोस, उठ."

त्याचा मित्र जेर्मां, तोही घोड्यावरचा मच्छीमार, धावत आला आणि त्याने सरळ चाकूने पट्टे कापले. दोघांनी मिळून तिला उठवलं आणि चालवत चालवत तबेल्यात आणलं. पशुवैद्य ग्रीट आली. वयाने माझ्याएवढी, हात मात्र जनावराच्या आत खांद्यापर्यंत घालणारी. तिने नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं, आणि मग घोडीच्या पोटाला खालून स्टेथोस्कोप लावून तो ओमेरच्या कानात अडकवला.

"काय ऐकू येतंय?"

ओमेरने डोळे मिटले. "समुद्र."

"नीट ऐका."

"लाटाच आहेत, डॉक्टर. किनाऱ्यावर फुटून परत जाताना वाजतात तशा."

"ती वाळू आहे, ओमेर. आतड्यात वाळू हलते तेव्हा अशीच वाजते. किती वर्षांची साठलीय कोण जाणे. चारा कुठे घालता हिला?"

ओमेरने अंगणाकडे बोट दाखवलं. आमची सगळी अंगणं वाळूची. टेकड्यांच्या पायथ्याशी दुसरं काय असणार? घोड्याने मान खाली घालून जमिनीवरूनच खावं, असं सासऱ्याने सांगितलेलं. तो तसंच घालत आला होता.

ग्रीटने हात धुतले आणि मग जे बोलली ते मी तबेल्याच्या दारात उभी राहून ऐकलं.

"या वेळी सुटली. पण या वयात हिचं पोट फाडून ऑपरेशन मी करणार नाही, आणि तुम्ही कोणाला करू देऊ नका. पुन्हा असं पोट बंद झालं, तर मी येईन. पण ते तिला उठवायला नाही, निजवायला. कळलं ना?"

"कळलं."

"मग लिहून घ्या."

ओमेरने लिहून घेतलं. चारा वाळूवर नाही, रबरी चटई घालून तिच्यावर टबात. एकदम नाही, दिवसातून सहा वेळा थोडा थोडा. दात झिजलेत, म्हणून वाळलेलं गवत आधी भिजवून मऊ करायचं. महिनाभर रोज इसबगोल, तो वाळूला धरून बाहेर काढतो. पाणी कोमट, कारण म्हाताऱ्या घोड्यांना गार पाणी नकोसं होतं आणि पाणी कमी गेलं की पोट पुन्हा घट्ट. तहान लागावी म्हणून खाण्यात थोडं मीठ. रोज चालवायचं. खाण्यात काहीही बदलायचं तर आठवडाभर हळूहळू बदलायचं. आणि बरणी.

"इसबगोल म्हणजे तेच ना, जे तू घेतोस?" रोझेटने विचारलं.

"मी कधी घेतो?"

"न्हाणीघरातल्या कपाटात कोणाचा डबा आहे मग? माझा?"

"ते डॉक्टरसमोर काढायलाच हवं होतं का?"

"डॉक्टरला तुमच्या दोघांच्या पोटाची काळजी आहे, हो ना गं?"

ग्रीट हसली नाही. पण निघताना तिने तबेल्याच्या दाराकडे पाहिलं आणि तेव्हा मात्र तिला हसू आलं. कारण ओमेरने तोवर खडूने वेळापत्रक लिहायला घेतलं होतं. सहा दहा. आठ पंचावन्न. अकरा चाळीस. तो ट्रामवालाच शेवटी, त्याला 'सकाळी' किंवा 'दुपारी' चालत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओडेटची गाडी मिनिटावर धावायला लागली. जेर्मां येऊन कुंपणावर हात टेकून उभा राहायचा.

"काय रे, अकरा त्रेचाळीस झाले. तीन मिनिटं लेट. प्रवासी तक्रार करणार."

"हिची तक्रार तू पाहिलीस ना त्या दिवशी? मग तोंड मिट."

"मी चाकू चालवला नसता तर..."

"चालवलास. आभार मानले. किती वेळा मानू?"

"पट्टे नवे होते ओमेर, एवढंच म्हणतोय. मला कापताना वाईट वाटलं."

पहिला आठवडा झकास गेला. बरणीत दीड बोट वाळू आली, मग एक बोट. ओमेर बरणी घेऊन घरभर फिरायचा. मला जिन्यात गाठून दाखवायचा. "बघ, बघ. निघतेय." दुसऱ्या आठवड्यात थर पाऊण बोटावर आला. आणि तिथेच थांबला. खाली जाईना.

आता घोडी वाळूवर खात नाही, समुद्रावर जात नाही, रबरी चटईवर उभी राहून टबात तोंड घालते. मग वाळू येते कुठून?

ओमेरला हा प्रश्न डास चावावा तसा चावायला लागला. त्याने आधी वाऱ्यावर संशय घेतला. वाऱ्याने टेकडीवरची वाळू उडून येते म्हणून तबेल्याच्या खिडकीला प्लास्टिक ठोकलं. मग फरशी. एका दुपारी खालून असा आवाज आला की मी धावत गेले. ओमेर रोझेटचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन तबेला झाडत होता. ओडेट भिंतीला चिकटून उभी होती, कान मागे टाकून.

"माझा व्हॅक्यूम!" रोझेट दारातून किंचाळली.

"रिकामा करून देतो."

"त्याने मी दिवाणखाना झाडते, ओमेर! तू त्यात घोडीचं..."

"रोझेट, तिच्या पोटात वाळू जातेय. कुठून जातेय ते मला सापडत नाही. तुला व्हॅक्यूमची पडलीय?"

 रोझेटने पुढे येऊन ओडेटच्या नाकावर हात ठेवला आणि मग हळू आवाजात म्हणाली, "कोपऱ्यातलंही काढ मग. तिथे नेहमी राहतं तुझ्याकडून."

मग संशय जेर्मांवर आला. तो खिशातून सफरचंद काढून द्यायचा आणि त्याचे खिसे म्हणजे अर्धा किनारा.

"खिसे उलटे कर."

"काय?"

"उलटे कर म्हणतो. इथे, पायरीवर."

जेर्मांने उलटे केले. एक सफरचंद, दोरीचा तुकडा, शिंपले आणि वाळूची बारीक धार. ओमेरने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा चार दिवस आलाच नाही. बरणीत वाळू मात्र पाऊण बोट तशीच.

ग्रीटला तो रोज दोनदा फोन करायचा.

"डॉक्टर, इसबगोल जुना तर नाही ना?"

"नवा आहे, ओमेर."

"मग दातात अडकून राहत असेल?"

"नाही. खरं सांगा, समुद्रात नेलीत का तिला?"

"नाही. शपथ. पाय सुद्धा ओला नाही केला तिचा."

आणि हे खरं होतं. पाय तिचा ओला नव्हता. स्वतःचे मात्र तो रोज करत होता. पहाटेच सायकलला गाडा जोडायचा, दोन झाकणाच्या बादल्या ठेवायचा आणि किनाऱ्यावर जायचा. गुडघाभर पाण्यात उतरून बादल्या भरून आणायचा. मी ते रोज खिडकीतून बघत होते. रोझेटही बघत होती. तिला वाटलं घोडीचे पाय धुवायला आणतोय, समुद्राचं पाणी पायांना चांगलं म्हणतात. मला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे समुद्राचं पाणी बादलीतून घरी येणं यात काय विशेष? कोळंबी त्यातच उकळतात.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी आठ पंचावन्नचा चारा ओडेटने तसाच ठेवला. वास घेतला, ओठ फिरवले आणि मान उचलली. ओमेरने टब हलवला. तिने मान वळवून कुशीकडे पाहिलं. एकदाच.

"रोझेट!" ती हाक मी आयुष्यभर विसरणार नाही. "रोझेट, ती बघतेय! पोटाकडे बघतेय!"

ग्रीट वीस मिनिटांत आली. तोवर ओमेर घोडीला घेऊन अंगणात गोल गोल फिरत होता आणि ओडेटपेक्षा त्यालाच जास्त घाम आला होता. ग्रीटने हिरड्या पाहिल्या, बोटाने दाबून पाहिल्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना कान लावला. आखड उतरण्याचं इंजेक्शन दिलं.

"बंद नाही पडलं. आत हालचाल आहे. पण वाळूचा आवाज परत आहे, ओमेर."

"मी सगळं करतोय. तुम्ही लिहून दिलेलं सगळं."

"माहीत आहे मला."

"खिडकी बंद केली. जेर्मांशी भांडलो. तिची जीभसुद्धा पुसतो खाण्याआधी."

"कुठून तरी येतेय. ते दोन-चार दिवसांत सापडलं नाही तर..." तिने बॅग बंद केली. "संध्याकाळी पुन्हा येते."

दुपारी ओडेटने लीद टाकली. थोडीशी. पण टाकली. ओमेर अंगण, स्वयंपाकघर, अंगण असं करत होता. तेवढ्यात चार दिवसांचा रुसलेला जेर्मां कुंपणापाशी आला, हातात कोळंबीची टोपली. टोपली त्याने न बोलता पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "खिसे शिवून टाकले मी. बायकोला सांगून. बघायचे तर बघ."

 ओमेरने टोपली उचलली आणि मित्राला आत घेतलं.

"उकळून टाकते लगेच," रोझेट म्हणाली. "ओमेर, तुझ्या त्या बादल्यांतली एक दे आत."

त्याने बादली आणून ओट्यावर ठेवली. रोझेट आपली कांदा चिरत बसली. ओमेर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"उकळत ठेव ना."

"बसू दे."

"काय बसू दे?"

"पाणी."

"पाणी काय बसायचंय? पाणी आहे ते."

रोझेटने सुरी खाली ठेवली. "ओमेर. बेचाळीस वर्षं तू माझ्या हातची कोळंबी खातोस. कधी दाताखाली वाळू आली?"

"नाही."

"का नाही आली?"

ओमेर जेर्मांकडे बघायला लागला. जेर्मांने खांदे उडवले. त्याच्याही घरी हे काम बायकोकडेच होतं.

रोझेट उठली. जुन्या उशीच्या अभ्र्याचं फडकं तिने पातेल्याला बांधलं आणि बादली अलगद, अजिबात न हलवता तिरपी केली. वरचं पाणी फडक्यातून गेलं. खालचं चार बोटं पाणी तिने बादलीतच ठेवलं आणि ती ओमेरच्या नाकासमोर धरली. तळाशी करडा, चमकणारा, चांगला मूठभर गाळ होता.

"लाटांमधून आणतोस तू. लाटांमध्ये काय साखर असते?"

ओमेर बराच वेळ बादलीत बघत राहिला. मी त्याला इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते बघवत नव्हतं.

"रोझेट," तो म्हणाला, "मी तिचं गवत यात भिजवतो."

"काय?"

"डॉक्टर म्हणाली थोडं मीठ. गवत भिजवा आणि मीठ द्या. म्हटलं, दारात समुद्र असताना दुकानातलं मीठ कशाला? तीन बादल्या नळाच्या आणि एक ही. अख्खी. हलवून ओततो, तळाला मीठ राहू नये म्हणून."

जेर्मांच्या तोंडून एक शिवी निघाली. ती ओमेरसाठी नव्हती. मीही तेच केलं असतं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"तिला आवडायचं ते," ओमेर म्हणाला. "चाटून पुसून खायची."

"माझ्या बाबांनी तुला अख्खा समुद्र शिकवला," रोझेट म्हणाली, "आणि एक बादली पाणी शिकवायचं राहून गेलं." मग ती रागावेल असं मला वाटलं, पण तिने फडक्याने ओला झालेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. "मला विचारलं असतंस तर."

"काय विचारायचं? पाणी कसं ओतायचं ते?"

"हो. तेच."

संध्याकाळी ग्रीट आली तेव्हा ओमेर तिला दारातच सामोरा गेला. टोपी हातात, शाळेत चूक कबूल करायला आल्यासारखा. तिने सगळं ऐकलं. मग भिंतीला टेकली.

"समुद्राच्या पाण्यात."

"पाव हिस्सा."

"एवढं मीठ? आणि वाळू चमच्याने भरवल्यासारखी, दिवसातून सहा वेळा."

"वेळेवर," जेर्मां मागून म्हणाला. 

"मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं, ओमेर. दोन चमचे, दिवसभरात मिळून. बाकी सगळं नळाचं पाणी. इसबगोल पुन्हा पहिल्या दिवसापासून." ती घोडीकडे गेली. बराच वेळ पोटाला कान लावून बसली. "तिने सहन केलंय. आता बघू किती सहन करते."

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत, ओमेरने मोजले. बरणीत थर पाऊण बोटावरून आधी वर गेला, एक बोट, दीड. ग्रीट म्हणाली, चांगलं आहे, निघतंय. ओमेरला ते पटेना. तो दर तासाला बरणी उचलून हलवायचा, मग वाळू पुन्हा पाण्यात उडायची आणि पुन्हा बसायला वेळ लागायचा. शेवटी रोझेटने बरणी कपडे धुण्याच्या खोलीत कुलूपबंद केली आणि किल्ली स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवली. आठवड्याने किल्ली मिळाली. अर्धं बोट. मग नखाएवढं. मग एका सकाळी तळाशी मोजून सात कण होते. ओमेरने मला खाली बोलावून मोजायला लावले. माझेही सातच आले.

मे महिन्याच्या शेवटी ग्रीटने पोटाला कान लावला आणि या वेळी स्टेथोस्कोप कोणालाच दिला नाही.

"आतडी चालतायत. जशी चालायला हवीत तशी. आता हळूहळू हिरवं गवत. पण उंच गवत, चिकणमातीच्या जमिनीतलं, म्हणजे मुळाशी तोंड जायला नको. पहिले काही दिवस पंधरा मिनिटं. त्यापेक्षा एक मिनिट जास्त नाही, नवं खाणं एकदम नको."

"आणि समुद्र?"

"नाही."

"या मोसमात नाही?"

"ओमेर, कधीच नाही. त्या किनाऱ्यावर ती तोंड उघडलं की वाळूच गिळते. तुम्हाला ती हवी आहे की जाळं?"

 ओमेरने ओडेटच्या तोंडाला बांधायची मोरकी उचलली. जेर्मां कुंपणावरून म्हणाला, "माझा तरणा घोडा ने हवा तर. त्यालाही कोणीतरी शिस्त लावायला हवी."

"तुझा घोडा डावीकडे ओढतो."

"तो नाही ओढत. मी ओढतो."

"तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला घेऊन निघाला, मी सायकल ढकलत बरोबर. कोपऱ्यावर ओडेट उजवीकडे वळायला लागली, समुद्राकडे. इतक्या वर्षांची ती सवय. तिने नाकपुड्या फुगवल्या. वारा तिकडूनच येत होता. ओमेर तिच्या मानेला खांदा लावून उभा राहिला आणि दोघंही क्षणभर तशीच एकमेकांना ढकलत राहिली. मग तो म्हणाला, "चल गं. तिकडे आपलं काही नाही आता." आणि तिला डावीकडे वळवलं, आतल्या कालव्याच्या रस्त्याने.

काठचं गवत ढोपरापर्यंत होतं. ओडेटने एक घास घेतला. शेंडे तुटल्याचा आवाज आला. दुसरा. तिचे ओठ हिरवे झाले. ती निवांत होती. ओमेर मात्र तिच्याभोवती फिरत होता, कधी गवताच्या मुळाशी वाकून माती बोटांत चोळत, कधी तिच्या पोटाला हात लावत. ती एक पाऊल पुढे सरकली की तो चार पावलं चालायचा.

"किती झाली?"

"चार मिनिटं."

"चारच? तुझं घड्याळ बंद तर नाही ना?"

"नाही."

"आता?"

"अजून चारच, ओमेर."

तेवढ्यात ओडेटने शेपूट उचललं. डांबरावर गोळे पडले, टप टप, गरम, हिरवट, अगदी जसे हवेत तसे. ओमेरने खिसे चाचपले. मागचे, पुढचे, कोटाचे.

"पिशवी आणलीस?"

"मी? नाही. मी कशाला आणू?"

"आज बरणीचा दिवस आहे."

"घरी गेल्यावर टाकेल की पुन्हा."

"आणि नाही टाकली तर?"

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग डोक्यावरची टोपी काढली, वाकला आणि एक एक करत सहा गोळे मोजून टोपीत घेतले.

"रोझेटला सांगू नकोस," तो म्हणाला. "किती झाली?"

"सहा मिनिटं."

"सहा. बरं." आणि टोपी दोन्ही हातांत धरून तो पुन्हा घोडीच्या पोटाकडे बघायला गेला.